मूलपेशी : सिद्ध काय, साध्य काय?

असाध्य समजल्या जाणाऱ्या व्याधीने घरातले मूल किंवा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला, म्हणजे त्या घराला दोन प्रकारचे सल्ले मिळू लागतात. डॉक्टर सांगतात ते बहुधा मोजके आणि मन खचविणारे असते. नातेवाईक, शेजारी आणि जाहिराती सांगतात ते भरघोस आणि आशा लावणारे असते. पूर्वी या दुसऱ्या प्रकारच्या सल्ल्यात एखाद्या जडीबुटीचा, नवसाचा किंवा आडगावच्या वैदूचा उल्लेख असे. गेल्या वीसेक वर्षांत त्या जागी एक शास्त्रीय शब्द येऊन बसला आहे. तो शब्द म्हणजे ‘स्टेम सेल’, अर्थात मूलपेशी. अर्धांगवायू असो, मुलाची स्वमग्नता असो, मधुमेह असो, झिजलेला गुडघा असो की गेलेली दृष्टी असो, ‘मूलपेशींचा उपचार करून पाहा’ असे सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. शब्द विज्ञानाच्या कोशातला असल्यामुळे एरवी नवसाला हसणारा सुशिक्षित माणूसही त्यापुढे मान तुकवितो आणि भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढण्याचा अर्ज लिहावयास बसतो.

यातील दुःखाची गोष्ट अशी की, हा शब्द मुळीच पोकळ नाही. मूलपेशींच्या प्रत्यारोपणाने रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जेचे अनेक विकार झालेली माणसे जगभर बरी झाली आहेत; २०१२ च्या अखेरीस अशा प्रत्यारोपणांची जगातील संख्या दहा लाखांवर पोचली होती. परंतु ज्या उपचाराची सत्यता साठ वर्षांच्या कष्टाने सिद्ध झाली, त्याला आपल्या देशात पुरेसे दाते मिळत नाहीत. आणि ज्याची सत्यता अद्याप सिद्ध झालेली नाही, त्याला मात्र गिऱ्हाइकांची वाण नाही. हा विपर्यास कसा झाला आणि तो दूर करण्यात सामान्य नागरिकाचा वाटा कोणता, याचा विचार करण्यासाठी मूलपेशी म्हणजे काय हे आधी समजून घेतले पाहिजे.

राखून ठेवलेले बियाणे

आपले शरीर एकदा घडले आणि मग केवळ झिजत गेले, असे नसते. ते सतत मोडत असते आणि सतत घडतही असते. रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिला केंद्रक नसते, त्यामुळे तिचे विभाजन होऊन नवी तांबडी पेशी निर्माण होऊ शकत नाही. तरीही निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे वीस लाख नव्या तांबड्या पेशी तयार होत असतात. कातडीचा वरचा थर झडून नवा येतो, आतड्याचे अस्तर काही दिवसांत पालटते. हा पुरवठा होतो कोठून?

शेतकरी खळ्यावरचे सगळेच धान्य विकून टाकीत नाही. पुढच्या पेरणीपुरते बियाणे तो कणगीत राखून ठेवतो. शरीरानेही अशीच तजवीज केलेली आहे. हाडांच्या पोकळीतील मज्जेत, कातडीच्या तळाशी, आतड्याच्या अस्तरात आणि बुबुळाच्या कडेला काही थोड्या पेशी अशा असतात की, त्यांनी अजून कोणतेही विशिष्ट काम पत्करलेले नसते. अशी पेशी विभागली म्हणजे तिच्यापासून एकीकडे तिच्यासारखीच पेशी निर्माण होऊन साठा कायम राहतो आणि दुसरीकडे विशिष्ट काम करणाऱ्या पेशींची परंपरा सुरू होते. स्वतःची जात टिकविणे आणि इतर जातींच्या पेशी घडविणे, हे दोन गुण जिच्या ठायी एकत्र असतात ती मूलपेशी.

मात्र सर्व मूलपेशींचे सामर्थ्य सारखे नसते. गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील भ्रूणाच्या आतील पेशी शरीरातील कोणत्याही प्रकारची पेशी घडवू शकतात. प्रौढ शरीरातील मूलपेशी मात्र आपापल्या घराण्याशी बांधलेल्या असतात. मज्जेतील रक्तजनक मूलपेशी रक्ताच्या सर्व पेशी घडविते, पण ती मेंदूची पेशी घडविते असे सिद्ध झालेले नाही. जाहिरातींत नेमका हाच भेद पुसून टाकलेला असतो, म्हणून तो वाचकांनी लक्षात ठेवावा.

प्लीहेवरील गाठी

या ज्ञानाचा उगम एका भयंकर घटनेच्या छायेत झाला. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी येथे अणुबाँब पडल्यानंतर स्फोटातून वाचलेली कित्येक माणसे काही आठवड्यांनी रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग यांनी दगावली. किरणोत्सर्गाने त्यांची अस्थिमज्जा जळून गेली होती. मज्जा नष्ट झाली की नवे रक्त बनत नाही, हे त्यातून दिसले आणि दुसऱ्याची मज्जा देऊन माणूस वाचविता येईल काय, हा प्रश्न पुढे आला.

कॅनडातील टोरांटो येथे अर्नेस्ट मॅक्युलॉक हे वैद्य आणि जेम्स टिल हे भौतिकशास्त्रज्ञ उंदरांवर याच प्रश्नाचा अभ्यास करीत होते. प्रखर किरणांनी उंदराची मज्जा नष्ट करावयाची, मग निरोगी उंदराच्या मज्जेतील मोजक्या पेशी त्याला टोचावयाच्या, असा तो प्रयोग होता. सुमारे दहा दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी उठलेल्या त्यांना आढळल्या. जितक्या पेशी अधिक टोचल्या, तितक्या गाठी अधिक. १९६१ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. आणि १९६३ साली अँड्र्यू बेकर या सहकाऱ्यासह असे दाखवून दिले की, त्यातील एकेक गाठ ही एकाच पेशीची संतती होय. मूलपेशी ही त्यापूर्वी एक कल्पना होती. आता ती मोजता येणारी वस्तू ठरली.

माणसावरील उपचार मात्र इतक्या सरळ मार्गाने सिद्धीस गेला नाही. अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली सहा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकही शंभर दिवसांपलीकडे जगला नाही. परकी मज्जा एक तर रुजत नसे, किंवा रुजलीच तर तिच्यातील पेशी यजमानाच्याच शरीरावर उलटत. अनेकांनी हा नाद सोडून दिला. थॉमस यांनी सोडला नाही. पॅरिसमधील झाँ दॉसे यांनी १९५८ साली पांढऱ्या पेशींवरील ओळखखुणांचा पहिला शोध लावला होता. आप-पर भाव शरीर या खुणांवरून ठरविते, हे पुढे उलगडत गेले. दाता आणि रुग्ण यांच्या खुणा जुळवून पाहणे शक्य झाले, तसे यश येऊ लागले. दॉसे यांना १९८० साली आणि थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-प्रत्यारोपण केले. लहानपणीच पोलिओने पांगळे केलेल्या, चाकांच्या खुर्चीतून रुग्णालयात वावरणाऱ्या एका डॉक्टरने हे काम केले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटावा.

पहिल्या अपयशापासून खात्रीच्या यशापर्यंत दोन तपांहून अधिक काळ गेला. ‘उद्याच उपचार’ असे सांगणाऱ्यांची पारख करताना हे कालमान ध्यानात ठेवलेले बरे.

जुळणारा दाता कोठे आहे?

या सिद्ध उपचाराची खरी अडचण आता प्रयोगशाळेत नसून समाजात आहे. ओळखखुणांचा अर्धा संच आईकडून आणि अर्धा वडिलांकडून येतो. त्यामुळे सख्ख्या भावाच्या किंवा बहिणीच्या खुणा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. एक किंवा दोन अपत्यांच्या आजच्या कुटुंबात ती संधी साहजिकच आणखी आक्रसते. अलीकडे आईवडिलांच्या अर्धवट जुळणाऱ्या पेशी वापरण्याच्या पद्धतीत बरीच सुधारणा झाली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही पूर्ण जुळणाऱ्या दात्याचे महत्त्व ओसरलेले नाही. असा दाता कुटुंबात नसला, तर तो परक्या लोकांत शोधावा लागतो.

त्यासाठी देशोदेशी स्वेच्छादात्यांच्या नोंदवह्या ठेवलेल्या आहेत. जगभरच्या नोंदवह्यांत मिळून चार कोटींहून अधिक लोकांची नावे आहेत. भारताची लोकसंख्या १४० कोटींच्या वर असताना आपल्या नोंदींची संख्या मात्र काही लाखांच्या घरातच आहे. या खुणा वंशपरंपरेने येत असल्यामुळे भारतीय रुग्णाला जुळणारा दाता भारतीय वंशाच्या लोकांतच सापडण्याचा संभव अधिक असतो. जर्मनीच्या किंवा अमेरिकेच्या नोंदवह्या कितीही मोठ्या असल्या, तरी पुण्याच्या किंवा नांदेडच्या मुलाला त्यांचा उपयोग मर्यादितच होणार.

नाव नोंदविणे म्हणजे एखादे इंद्रिय काढून देणे, असा गैरसमज पुष्कळांच्या मनात आहे. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना नोंदणीस पुरतो. पुढे कधी एखाद्या रुग्णाशी जुळणी झालीच, तर बहुतेक वेळा दात्याच्या मज्जेतील मूलपेशी रक्तात उतराव्यात म्हणून चारपाच दिवस इंजेक्शने दिली जातात. मग एका हातातून रक्त घेऊन, यंत्राने मूलपेशी वेगळ्या करून, उरलेले रक्त परत शरीरात सोडतात. या कामास काही तास लागतात. इंजेक्शनांनी थोडे दिवस अंग दुखते, हाडे ठणकतात. पण दिलेल्या पेशी शरीर लवकरच भरून काढते.

थॅलेसेमियाचा विचार केला म्हणजे या नोंदवहीचे मोल कळते. भारतात दरवर्षी सुमारे दहा हजार मुले हा विकार घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा आदी समाजांत त्याचे वाहक अधिक आढळतात, पण तो इतरांत नाही असे मुळीच नव्हे. या मुलांना दर दोनतीन आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि त्या रक्ताबरोबर साठणारे लोह काढण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. यातून सुटण्याचा प्रस्थापित मार्ग म्हणजे मूलपेशींचे प्रत्यारोपण. त्याला कित्येक लाख रुपये लागतात. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ साली सुरू झालेल्या योजनेत पात्र मुलाला दहा लाख रुपयांपर्यंत साह्य मिळते. पैशाची सोय अशी काही प्रमाणात झाली. पण पैसा दाता निर्माण करू शकत नाही.

नाळेची तिजोरी

याच संदर्भात नाळेतील रक्ताचा विषय येतो. १९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमान यांनी फॅन्कोनी रक्तक्षय झालेल्या एका मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त देऊन बरे केले. तेव्हापासून हे रक्त मूलपेशींचा मौल्यवान साठा मानले जाते. त्यावर व्यापार उभा राहिला. बाळंतपणाच्या हळव्या दिवसांत नव्या आईबापांना सांगितले जाते की, नाळेतील रक्त पैसे भरून साठवून ठेवा, बाळाला पुढे काहीही झाले तरी ते कामी येईल.

वस्तुस्थिती निराळी आहे. बाळाला थॅलेसेमियासारखा आनुवंशिक विकार असेल, तर त्याच्या नाळेतील रक्तातही तोच दोष असतो. शिवाय एका नाळेत मिळणाऱ्या पेशी प्रौढ माणसाला बहुधा अपुऱ्या पडतात. ग्लुकमान यांच्या रुग्णाला उपयोग झाला तो स्वतःच्या नव्हे, तर बहिणीच्या रक्ताचा, हेही विसरता कामा नये. घरात आधीच अशा विकाराचे मूल असेल, तर त्याच्या धाकट्या भावंडाची नाळ जतन करणे योग्य ठरते. परंतु केवळ स्वतःच्या भावी उपयोगासाठी रक्त साठविण्यास शास्त्रीय आधार नाही आणि त्याच्या व्यापारी साठवणुकीची शिफारस करता येत नाही, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची भूमिका आहे. लोकांनी आपल्या तिजोरीत ठेवलेले हे रक्त सार्वजनिक पेढीत असते, तर ते कोणा ना कोणा रुग्णाच्या उपयोगी पडण्याचा संभव कितीतरी अधिक होता.

आशेची प्रामाणिक बाजू

याचा अर्थ रक्ताच्या रोगांपलीकडे मूलपेशींना भवितव्य नाही, असा नव्हे. रसायनाने किंवा भाजल्याने बुबुळाच्या कडेच्या मूलपेशी नष्ट झालेल्या रुग्णांना प्रत्यारोपणाने दृष्टी मिळाली आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने या क्षेत्रात केलेले काम जगाने वाखाणले आहे. भाजलेल्या रुग्णांसाठी प्रयोगशाळेत त्वचा वाढविण्याची पद्धतही जुनी आणि अनुभवाने पारखलेली आहे.

सर्वांत विलक्षण वळण आले ते जपानमध्ये. मानवी भ्रूणातील मूलपेशी १९९८ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी प्रथम वेगळ्या काढल्या. पण त्यासाठी भ्रूण मोडावा लागत असल्याने नीतिविषयक वाद पेटला. क्योतो येथील शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या साध्या त्वचापेशीत अवघी चार जनुके घालून तिला जणू तिच्या बाल्यावस्थेत परत नेले. प्रौढ पेशी पुन्हा सर्वसमर्थ होऊ शकते, हे त्यांनी दाखविले. इंग्लंडमधील जॉन गर्डन यांनी १९६२ साली बेडकांवरील प्रयोगांतून याची चाहूल दिली होती. या दोघांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

त्यानंतर घडलेली एक गोष्ट अधिक बोधप्रद आहे. कोबे येथील डॉ. मासायो ताकाहाशी यांनी २०१४ साली सत्तरीतील एका महिलेच्या त्वचेपासून अशा पेशी बनवून, त्यांतून तयार केलेला पातळ थर तिच्या डोळ्यात बसविला. दृष्टी सुधारली नाही, पण तिचा ऱ्हास थांबला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशीही तयार झाल्या होत्या. परंतु तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल आढळले आणि कर्करोगाची शंका नको म्हणून शस्त्रक्रिया थांबविण्यात आली. रुग्ण वाट पाहत असताना, जगाचे डोळे लागलेले असताना, ‘थांबा’ म्हणण्याचे धैर्य या मंडळींनी दाखविले. २०२५ साली पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील एका चाचणीत मूलपेशींपासून बनविलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी पूर्ण मात्रेत दिलेल्या १२ रुग्णांपैकी १० जणांचे इन्सुलिन वर्षभरानंतर सुटलेले होते. पण त्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, हेही संशोधकांनी त्याच प्रबंधात सांगितले. आकडा आणि त्याची मर्यादा एकाच श्वासात सांगणे, ही खऱ्या विज्ञानाची खूण होय.

बाजाराचे तर्कशास्त्र

याच्या उलट बाजारातील रीत पाहा. रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून मज्जा किंवा पोटातून चरबी काढावयाची, थोडी प्रक्रिया करून ती परत पाठीच्या कण्यात, सांध्यात किंवा शिरेत सोडावयाची, आणि त्यासाठी काही लाख रुपये घ्यावयाचे. स्वतःच्याच पेशी असल्याने अपाय होणार नाही, असे आश्वासन दिले जाते. ते खरे नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका केंद्राने डोळ्यांत अशाच चरबीतील पेशी टोचल्यामुळे तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याची हकीकत २०१७ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली आहे.

‘पण अमक्याच्या मुलाला गुण आला,’ असे यावर सांगण्यात येते. मूल वाढत असते, त्याबरोबर व्यायामोपचारही चालू असतात, काही व्याधी आपसूक कमीअधिक होतात आणि एवढा पैसा खर्चून झाल्यावर ‘काहीच फरक नाही’ असे म्हणण्यास बापाचा जीव धजत नाही. म्हणूनच उपचार मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट तुलनेस घेतल्याशिवाय विज्ञान ‘गुण आला’ असे म्हणत नाही.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली; २०१३ च्या आवृत्तीत त्यांच्या नावातील ‘उपचार’ हा शब्दच गाळण्यात आला, कारण रक्तविषयक प्रत्यारोपण सोडता बाकी सारे अद्याप संशोधनच आहे. २०१७ साली ती आणखी स्पष्ट झाली. स्वमग्नतेवर मूलपेशींचा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने २०२२ साली कळविले. उणीव आहे ती अंमलबजावणीची, आणि लोकांना हे ठाऊक नसण्याची.

‘बुडत्याला काडीचा आधार तरी घेऊ द्या, त्याची आशा हिरावणारे तुम्ही कोण?’ असा आक्षेप यावर येतो. तो हृदयातून आलेला असतो, म्हणून त्याला उपहासाने उत्तर देऊ नये. परंतु काडी विकणाऱ्याने ती नाव म्हणून विकली, तर दोष बुडणाऱ्याचा नव्हे. अशा कुटुंबाने तीनच प्रश्न विचारावेत. या उपचाराला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता आहे काय? नसल्यास, ही भारताच्या अधिकृत नोंदवहीत दाखल झालेली वैद्यकीय चाचणी आहे काय? आणि चाचणी असल्यास तिच्यासाठी माझ्याकडून पैसे का घेतले जात आहेत? प्रयोगात सहभागी होणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वांतच म्हटले आहे. या प्रश्नांना टाळाटाळीची उत्तरे मिळाली, तर घरावर कर्ज काढण्यापूर्वी परत फिरावे.

आणि ज्यांच्या घरी आज असा प्रसंग नाही, त्यांच्याकडेही एक काम उरते. शिक्षकांनी वर्गात रक्ताचा धडा शिकविताना दात्याच्या नोंदणीची माहिती द्यावी. महाविद्यालयांत रक्तदानाची शिबिरे होतातच. त्यांच्याच मांडवात अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे एक मेज मांडण्यास फारसा खर्च येणार नाही. विवाहापूर्वी पत्रिकेइतक्याच आस्थेने थॅलेसेमियाची रक्ततपासणी व्हावी. कचेरीतून भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावर सही करून देताना, तो कशासाठी आहे हे सहकाऱ्याला आपुलकीने विचारावे आणि वरचे तीन प्रश्न त्याच्या कानी घालावेत. मूलपेशींचे खरे औषध आज बाजारात विकत मिळत नाही. ते कोणा अनोळखी निरोगी माणसाच्या हाडांत असते आणि त्याने नाव नोंदविल्याखेरीज त्याचा पत्ता लागत नाही.